आभाराची सत्तावीस पत्रं

ऑल्डरहोपमध्ये भांडण झालं तर आवाज चढत नाही. समोरचा माणूस अधिकच गोड बोलू लागतो, पावसापाण्याबद्दल दोन वाक्यं जास्त विचारतो, आणि मग हळूहळू दार उघडेनासा होतो. बाहेरून आलेल्याला वाटतं, काय शांत गाव आहे. एनिड प्रॉसरने या गावात त्रेपन्न वर्षं काढली होती. हे सगळं तिला पाठ होतं, पण पाठ असणं वेगळं आणि स्वतःच्या वाट्याला येणं वेगळं.

एनिड सत्त्याहत्तर वर्षांची. नवरा लेस जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. उरलं होतं ते गाव, आणि गावात तीन घरं सोडून राहणारी मेव्हिस हेन्स. दर गुरुवारी साडेतीनला मेव्हिस यायची, दोघी मिळून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायच्या आणि सगळ्या गावाची उणीदुणी काढायच्या. चाळीस वर्षांत हा गुरुवार चुकला तो फक्त बाळंतपणं, शस्त्रक्रिया आणि अंत्यविधी यांच्यासाठी.

शिवाय एनिड गावच्या जत्रेची चिटणीस होती. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी टंपच्या कुरणात तंबू पडायचे, केक विकले जायचे, कुत्र्यांची स्पर्धा व्हायची आणि दरवर्षी तेच कुत्रं जिंकायचं. कुरण गावाचं नव्हतं. चर्च आणि ओढा यांच्यामधली ती अकरा एकर जमीन आयव्हर बेव्हन नावाच्या शेतकऱ्याची. पण फाटकाला कुलूप कधी नव्हतंच. सकाळी कुत्री, दुपारी शाळा सुटलेली पोरं, संध्याकाळी हातात हात घालायला जागा शोधणारे तरुण, आणि टंपवर, म्हणजे कडेच्या त्या टेकाडावर, बर्फ पडला की घसरगुंडी. आपलं नाही ही गोष्ट लोक विसरूनच गेले होते. एनिड विसरली नव्हती. ती दर जूनमध्ये आयव्हरला पत्र लिहून कुरण मागायची आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पत्र लिहून आभार मानायची. तिच्या आईने तिला तसंच वाढवलं होतं.

आयव्हर २००४ मध्ये गेला. मुलगा नील एकटा, गुडघ्यांनी अधू, गाईंची धार काढता काढता पन्नाशीतच म्हातारा झालेला. दोन वर्षांनी त्याने कुरण विकायला काढलं आणि फाटकावर पाटी लागली. एक कंपनी इथे निवृत्तांची वसाहत उभारणार होती. साठीपुढच्यांसाठी दोनशे चौदा घरं, पोहण्याचा तलाव, केशकर्तनालय, चहापानगृह. पाटीवर पांढऱ्या केसांचं एक जोडपं सायकलवरून हसत चाललं होतं.

"यांना म्हणावं, ती सायकल एकदा आमच्या चढावर आणून दाखवा," मेव्हिस म्हणाली. "हसू कुठे जातं ते मी बघते."

"दोनशे चौदा घरं, म्हणजे चारशे माणसं गं," एनिड म्हणाली. "आपण सगळे मिळून तीनशे दहा."

"आणि सगळे म्हातारे. म्हातारे हवेत कुणाला? इथे आहेत तेच जड झालेत."

विरोध करणाऱ्यांचं सरासरी वय बहात्तर होतं, हे कुणी बोलून दाखवलं नाही. सभागृहात सभा झाली तेव्हा उभं राहायलाही जागा नव्हती. डॉक्टर आठवड्यातून दोनच दिवस येतो, रस्ता इतका अरुंद की दुधाचा टँकर आला तर बाकीच्यांनी अर्धा मैल मागे जायचं, गटारं तर राणीच्या आजोबांच्या काळातली. सगळ्यांनी सगळं सांगून झाल्यावर गॉर्डन ट्रँटर उठला. हा निवृत्त मोजणी अधिकारी, नाकावर चष्मा, हातात नेहमी फाइल.

"रस्ता ते रुंद करतील, डॉक्टरला खोली बांधून देतील," तो म्हणाला. "असल्या हरकतींनी काही होत नाही. आपल्याकडे एकच हत्यार आहे."

ते हत्यार म्हणजे एक जुना कायदा. गावकऱ्यांनी एखादी मोकळी जागा सलग वीस वर्षं खेळाफिरायला वापरली असेल, जबरदस्तीने नाही, लपूनछपून नाही आणि कुणाची परवानगी घेऊन नाही, तर ती गावाची हिरवळ म्हणून नोंदता येते. एकदा नोंद झाली की मालकालाही तिथे वीट रचता येत नाही. तिसरी अट ऐकायला विचित्र वाटते खरी. जो आपलीच जागा असल्यासारखा बिनदिक्कत शिरला त्याला ती मिळते, आणि ज्याने दारावर टकटक केली तो बाहेर राहतो. पण कायदा असाच आहे आणि तो काही ऑल्डरहोपवाल्यांना विचारून केलेला नाही.

"कुणी परवानगी घेतली होती का?" गॉर्डनने विचारलं.

सभागृह हसलं. परवानगी? कुत्रं फिरवायला?

एनिडही हसली. तिने जत्रेसाठी मागितली होती, पण ती वर्षातल्या एका दिवसापुरती, आणि बाकीचे आभार म्हणजे नुसती रीत. आभार मानणं आणि परवानगी घेणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आसपासही आहेत असं तिच्या डोक्यात आलं नाही.

पुढचे पाच महिने एनिडला क्षणभर टेकायला फुरसत नव्हती. पुरावे गोळा करायचं काम तिच्याकडे आलं. घरोघरी फॉर्म घेऊन जायचं, लोकांच्या आठवणी लिहून घ्यायच्या, जुने फोटो मागायचे. १३७ फॉर्म भरून आले. 'आपण कधी कुणाची परवानगी मागितली होती का?' या प्रश्नापुढे १३७ वेळा 'नाही' असं लिहिलेलं होतं, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. त्यांच्या वतीने तीच मागत आली होती ना. लेस गेल्यापासून इतक्या दारांमागे इतका चहा तिने प्यायला नव्हता. खरं सांगायचं तर तिला कुरणापेक्षाही हे जास्त हवं होतं. आपण अजून कुणाच्या उपयोगाच्या आहोत, आपण गेलो तर चार माणसांचं अडेल, हे. सत्त्याहत्तराव्या वर्षी एकट्या बाईला ही भूक लागते आणि ती सांगायची सोय नसते.

ऑक्टोबरात गावाच्या अर्जावर चौकशी भरली. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, परिषदेने नेमलेले निरीक्षक, पांढऱ्या मिशीचे शांत गृहस्थ, सभागृहाच्या टोकाला टेबल टाकून बसले. त्यांच्या मागे सूचनांचा फलक, त्यावर योगवर्गाची आणि हरवलेल्या मांजराची चिठ्ठी. एका बाजूला गॉर्डन आपल्या फायलींसह, दुसऱ्या बाजूला कंपनीची वकीलबाई. तिचा आवाज इतका मऊ की मागच्यांना कान टवकारावे लागत. खुर्च्यांवर नव्वद माणसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एनिडचा नंबर लागला. तिने जत्रेचं सांगितलं, बर्फाचं सांगितलं, लेस त्या टंपवर पतंग उडवायचा आणि वयाला शोभत नाही म्हणून मेव्हिस त्याला चिडवायची तेही सांगितलं. लोक मान डोलावत होते. मग वकीलबाई उठली आणि तिने पारदर्शक कप्प्यांची एक फाइल पुढे ठेवली.

"मिसेस प्रॉसर, हे अक्षर तुमचं का?"

एनिडने चष्मा लावला. अक्षर तिचंच. निळी शाई, सरळ ओळी. आयव्हरने ऑगस्टची एकेक चिठ्ठी जपून ठेवली होती. १९७७ पासून २००३ पर्यंत, सत्तावीस. तिला क्षणभर बरंच वाटलं. त्या अबोल माणसाने आपली पत्रं टाकली नाहीत.

"१९९१ चं जरा वाचता?"

एनिडने वाचलं. "प्रिय मिस्टर बेव्हन, जत्रेसाठी कुरण दिल्याबद्दल सर्वांतर्फे आभार. त्याशिवाय आम्हा सगळ्यांना वर्षभर तिथे फिरू देता, पोरांना खेळू देता, हा तुमचा मोठेपणा. वर्षभर खुशाल वापरा असं तुम्ही पुन्हा कळवलंत, ते वाचून सगळ्यांना आनंद झाला."

शेवटच्या वाक्यावर तिचा आवाज खाली आला. काय झालंय ते तिला वाचता वाचताच कळलं होतं. गॉर्डनने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे मिस्टर बेव्हननी दरवर्षी लेखी परवानगी दिली," वकीलबाई म्हणाली. "आणि 'सगळ्यांना आनंद झाला' म्हणजे ती सगळ्यांना ठाऊक होती. कशी ठाऊक होती, मिसेस प्रॉसर? त्यांच्या उत्तराचं तुम्ही काय करत होता?"

निरीक्षकांनी घड्याळ बघितलं. अकरा वाजले होते, आणि त्या सभागृहात अकराला चहा होतो, मग आभाळ कोसळो. "मिसेस प्रॉसर, उत्तर चहानंतर द्या," ते म्हणाले. "मधल्या वेळात कुणाशी या विषयावर बोलू नका."

ती स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांच्या कपाटाशी उभी राहिली. मेव्हिस मागोमाग आली आणि तिने दार लावून घेतलं.

"बोलायचं नाहीये," एनिड म्हणाली.

"तू नको बोलूस, मी बोलते. गॉर्डन म्हणतोय, उत्तरं फक्त तुला माहीत असतील तर परवानगी तुझ्यापुरतीच. मग अजूनही केस टिकते. ड्रॉवरमध्ये टाकली म्हणून सांग."

"मी ती सभागृहातल्या फलकावर लावत होते, मेव्हिस. दरवर्षी. तूच टाचण्या द्यायचीस."

"मला नाही आठवत."

"नव्वद माणसं बसलीत बाहेर. सगळ्यांनी वाचलंय."

"मग कुणालाच नाही आठवत," मेव्हिस म्हणाली. "जा, विचार कुणालाही. एनिड, तीन शब्द आहेत गं. मी ड्रॉवरमध्ये टाकली. इथे शपथ नाही, बायबल नाही. नील कसा गप्प बसलाय बघितलंस? त्याला पण माहीत आहे, आणि तो बोलणार नाही, त्यालाही याच गावात राहायचंय. तू फक्त म्हण."

"आणि आयव्हर?"

"आयव्हर मेला."

एनिडच्या हातातल्या कपात चहा तसाच होता. बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मेव्हिसने तिच्या कोटाची कॉलर नीट केली, शाळेत पाठवताना आई करते तशी, आणि दार उघडलं.

एनिड खुर्चीवर बसली आणि तिने समोर बघितलं. पन्नास वर्षांचे चेहरे. पोस्टातली रूथ, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा हॉवेल, जिच्या तिन्ही पोरांना तिने विणून टोप्या दिल्या ती केरी. तिची नजर ज्याच्यावर जाई तो आपल्या बुटांकडे बघू लागे. सगळ्यांना आठवत होतं आणि सगळे वाट बघत होते.

मागच्या दाराशी नील उभा होता, भिंतीला टेकून. त्याचं नाक थेट बापाचं होतं. तिला आयव्हर आठवला. मोठं कुटुंब नाही, मोठं बोलणं नाही, पण दरवर्षी पोस्टकार्डावर त्या वाकड्या अक्षरात, 'वापरा. वर्षभर वापरा. बैल बाहेर असला तर फाटकाला लाल फडकं बांधीन.' आणि तो बांधायचा. पाऊस असो, ताप असो, फडकं असायचं. सत्तावीस वर्षं त्या माणसाने गावाला जे हाताने दिलं ते आपण हिसकावून घेतलं होतं, असं आज सांगायचं होतं.

"उत्तरांचं काय करत होता, मिसेस प्रॉसर?"

"तुमच्या मागे फलक आहे ना," एनिड निरीक्षकांना म्हणाली, "तिथे लावत होते. जूनपासून नाताळपर्यंत. नाताळात तिथे गाण्यांचा कागद लागतो म्हणून काढायचे."

निरीक्षकांनी वळून फलकाकडे बघितलं, जणू पोस्टकार्ड अजून तिथे असेल. मग त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"त्यांनी आम्हाला ते दिलं होतं," एनिड म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. "आम्ही घेतलं नव्हतं."

"आभारी आहे," वकीलबाई म्हणाली आणि बसली.

सभा उठल्यावर कुणी तिला एक शब्द वाकडा बोललं नाही. गॉर्डनने हात हातात घेतला. "खूप मेहनत घेतलीस, एनिड." रूथने विचारलं, घरी सोडू का. हॉवेल म्हणाला, थंडी लवकर सुरू झाली नाही यंदा. नील फाटकाशी थांबला होता. "मला माहीत नव्हतं काकू, बाबांनी पत्रं ठेवलीत ते," तो म्हणाला. "वकिलांनी घरातले सगळे कागद मागितले, मी पेटीच उचलून दिली." ती म्हणाली, हरकत नाही. खरं तर फार हरकत होती, पण त्या गावात दुसरं उत्तर नसतं.

त्या गुरुवारी साडेतीनला एनिडने किटली ठेवली. चार वाजता गॅस बंद केला. पुढच्या गुरुवारी मेव्हिसचा फोन आला, गुडघा दुखतोय. त्याच्या पुढच्या गुरुवारी फोनही आला नाही.

फेब्रुवारीत निरीक्षकांचा अहवाल आला. बारा पानं, त्यात नऊ वेळा एनिडचं नाव. साक्षीदार म्हणून ती 'पूर्णतः प्रामाणिक' होती असं त्यांनी लिहिलं होतं, आणि त्याच परिच्छेदाच्या शेवटी अर्ज फेटाळला होता. उन्हाळ्यात कंपनीला बांधकामाची मंजुरी मिळाली. जत्रा शाळेच्या पटांगणात हलली. जूनमध्ये गॉर्डन तिच्या दारात आला, बसायला नको म्हणाला.

"आम्हाला वाटलं, यंदा तू जरा विश्रांती घ्यावीस," तो म्हणाला. "चिटणिसाचं काम केरी बघेल. तुझ्यावर फार भार पडला."

"भार नव्हता, गॉर्डन."

"तरी पण. सगळ्यांनाच तसं वाटतं."

एनिडने 'सगळ्यांनाच' हा शब्द ऐकला आणि कपाटातून जत्रेची वही काढून दिली. तो गेल्यावर ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून रडली. बऱ्याच वर्षांनी, आणि लेससाठी नाही.

दोन वर्षांत वसाहत उभी राहिली. पिवळसर विटांच्या चार मजली इमारती, टंप सपाट करून तिथे गाड्या लावायची जागा. गावाने वर्षभर तिच्याकडे पाठ फिरवली, मग हळूहळू मान वळली. आधी केशकर्तनालय बरं आहे असं निघालं. मग हॉवेलच्या बायकोला जिना चढवेना. मग दुकानात रूथकडून एनिडला कळलं, की मेव्हिसने घर विकलं आणि तिकडे दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली. लीड्सच्या मुलीने सगळं ठरवलं म्हणे. तीन घरं सोडून मेव्हिस राहत होती आणि सामानाचा ट्रक आला तेव्हा एनिडने तो खिडकीतून बघितला. निरोप घ्यायला कुणी आलं नाही.

मार्चमध्ये कळलं, मेव्हिस न्हाणीघरात पडली. हाड मोडलं नाही, पण हादरली आहे, कुणाशी बोलत नाही. एनिडने तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी, तो गुरुवार होता, तिने चांगला कोट घातला, वर्तमानपत्र घडी करून पिशवीत टाकलं आणि निघाली. काय बोलायचं ते तिने रस्त्यात ठरवलं होतं. काहीच नाही. आडवा तिसरा शब्द अडलाय, एवढंच म्हणायचं.

जुन्या फाटकाच्या जागी आता काचेची चौकी होती. आत निळ्या स्वेटरचा तरुण पहारेकरी, हसऱ्या चेहऱ्याचा, गावाबाहेरचा.

"कुणाकडे, मॅडम?"

"मिसेस हेन्स. मी जाऊ शकते का आत?"

"त्यांना विचारावं लागतं. इथे राहणाऱ्यांनी हो म्हटल्याशिवाय सोडत नाही आम्ही, नियम आहे. नाव काय सांगू?"

तिने नाव सांगितलं. त्याने फोन लावला. काचेच्या छोट्या खिडकीतून पलीकडची घंटी तिला ऐकू येत होती, मग मेव्हिसचा आवाज, शब्द नाहीत, नुसता आवाज. साडेचार वर्षांनी. तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पहारेकरी ऐकत होता, मान हलवत होता, मग त्याने तिच्याकडे बघितलं आणि खाली बघितलं.

"हो मॅडम. बरं मॅडम. सांगतो," तो फोनमध्ये म्हणाला आणि त्याने तो ठेवला.

आयुष्यभर एनिड विचारत आली होती. कुरण, खुर्च्या, चर्चची घंटा, दुसऱ्याच्या झाडाची सफरचंदं, सगळं विचारून. तिला कुणी कधी नाही म्हटलं नव्हतं.

"त्या म्हणाल्या," पहारेकरी म्हणाला, आणि निरोप नीट पोचवावा म्हणून त्याने शब्द जपून उच्चारले, "तुम्ही विचारलंत, फार बरं वाटलं. पण नको."